सोलापूरच्या गच्चीवरून सूर्य, ग्रह आणि तारे : काठी, कवडसा आणि वीत यांच्या आधारे आकाशनिरीक्षणाची सुरुवात

आकाशनिरीक्षण शिकायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चौकशी दुर्बिणीच्या किमतीची होते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आपल्या गावावरून सूर्य वर्षभरात कुठून कुठे सरकतो, भर दुपारी किती उंच चढतो आणि ध्रुवतारा क्षितिजाच्या किती वर दिसतो, हे ज्याने स्वतः मोजलेले नाही, त्याला दुर्बिणीतून दिसलेल्या शनीच्या कड्याचे कौतुक फार दिवस पुरत नाही. म्हणून या लेखात दुर्बीण अगदी शेवटी येते. त्याआधीची सारी कामे एक सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी, आरशाचा एक तुकडा आणि आपला स्वतःचा हात एवढ्यावर होतात.

सोलापूर शहराचे अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर आणि रेखांश सुमारे ७५.९ अंश पूर्व आहेत. पुढील जवळजवळ प्रत्येक प्रयोगात हा १७.७ चा आकडा कधी सावलीच्या, कधी ताऱ्याच्या उंचीच्या रूपाने समोर येईल, आणि तो आपल्या हाताने काढलेला असेल. आपला जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. शेतीला ही गोष्ट जड जाते, पण ऑक्टोबरपासून मेपर्यंत येथे निरभ्र रात्री भरपूर मिळतात, हा निरीक्षकाचा फायदा आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एक नियम घरातल्या लहानांसह सर्वांनी पाळायचा आहे. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी रोखून पाहायचे नाही, आणि दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून तर कधीच नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गडद गॉगल, हळदीचे किंवा शेणाचे पाणी भरलेले घमेले हे ग्रहणाच्या दिवशी घरोघरी निघणारे उपाय सुरक्षित नाहीत. दृश्य प्रकाश मंद झाला तरी डोळ्याच्या पडद्याला इजा करणारे किरण त्यांतून जातात, आणि इजा होत असताना डोळा दुखत नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचे, ओरखडे नसलेले ग्रहणचष्मे किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच एवढेच चालते. पुढील सूर्यप्रयोगांत मात्र सूर्याकडे पाहण्याची गरजच पडणार नाही.

गच्चीवरचा शंकू

जमिनीत उभी रोवलेली आणि सावली मोजण्यासाठी वापरलेली काठी म्हणजे शंकू. गच्चीवर दिवसभर ऊन येईल अशी सपाट जागा निवडावी. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू किंवा ओले काँक्रीट भरून त्यात लोखंडी किंवा प्लास्टिकची नळी उभी करावी. नळीचे वरचे टोक गच्चीच्या पृष्ठभागापासून बरोबर १ मीटर उंच असले की पुढचा सारा हिशोब सोपा होतो. गवंडी भिंत तपासतो त्याप्रमाणे दोन बाजूंनी ओळंबा लावून नळी सरळ उभी आहे याची खात्री करावी, कारण काठी १ अंशाने कलली तर सावलीत जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटरची चूक शिरते. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, हेही पुष्कळजण विसरतात. लेव्हल-बाटलीने तपासून गरज पडल्यास प्लायवूडचा तुकडा खाली पाचर देऊन सपाट बसवावा.

सावलीच्या टोकाची कड कधीच धारदार नसते. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद असते, त्यामुळे मीटरभर उंचीच्या काठीच्या सावलीचे टोक जवळजवळ एक सेंटीमीटर अंधूक पसरलेले असते. यावर सोपा उपाय असा, की नळीच्या टोकावर पातळ पत्र्याची छोटी चकती बसवावी आणि नळीच्या अक्षाच्या बरोबर वर येईल असे ३ ते ४ मिलिमीटरचे भोक तिला पाडावे. यासाठी नळी अर्थातच बारीक हवी, किंवा चकती नळीच्या थोडी वर, दोन तारांवर तोलून बसवावी. तेव्हा १ मीटर ही उंची भोकाची मोजायची. चकतीच्या सावलीच्या मध्ये प्रकाशाचा एक गोल ठिपका पडतो, आणि त्याचा मध्य खडूने नोंदवणे फार सोपे जाते. सावलीची लांबी भोकाच्या बरोबर खाली ओळंबा टेकतो त्या बिंदूपासून मोजावी.

आता दिशा काढायच्या. गच्चीवर होकायंत्र वापरण्याचा मोह टाळावा, कारण स्लॅबमधील सळया सुईला ओढतात. त्यापेक्षा शुल्बसूत्रांत सांगितलेली जुनी रीत घ्यावी. काठीच्या पायाला केंद्र धरून दोऱ्याने एक वर्तुळ काढावे. त्याची त्रिज्या दुपारच्या सर्वांत आखूड सावलीपेक्षा पुरेशी मोठी हवी. हिवाळ्यात दीड मीटर आणि उन्हाळ्यात एक मीटर ठीक पडते. सकाळी आखडत जाणारी सावली ज्या ठिकाणी वर्तुळाला आतल्या बाजूने ओलांडते तेथे एक खूण, आणि दुपारनंतर वाढत जाणारी सावली पुन्हा वर्तुळाला स्पर्श करते तेथे दुसरी खूण करावी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. सकाळची सावली पश्चिमेला पडते, म्हणून पहिली खूण पश्चिमेची. दोन्ही खुणांना केंद्र मानून सारख्या लांबीचे दोन कंस काढले की त्यांचे छेदनबिंदू जोडणारी रेषा उत्तर-दक्षिण मिळते. ही रेषा ऑइलपेंटने कायमची रंगवून ठेवावी, कारण पुढे वर्षभर हिच्यावरच काम करायचे आहे.

सोलापूरची खरी दुपार

सावली या उत्तर-दक्षिण रेषेवर येते तो क्षण म्हणजे आपली खरी दुपार. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि सोलापूर तिच्या पश्चिमेला ६.६ अंश आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून येथे सूर्य मध्यावर यायला सरासरी २६ मिनिटे उशीर होतो. ‘सरासरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पृथ्वीची कक्षा थोडी लांबट आहे आणि तिचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे. या दोन कारणांमुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे धावतो, कधी मागे पडतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरची खरी दुपार सुमारे १२ वाजून ४० मिनिटांनी होते, एप्रिलच्या मध्यास १२.२६ ला, मेच्या मध्यास १२.२३ ला, जुलैच्या अखेरीस १२.३३ ला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १२.१० ला. दर पंधरवड्याला एकदा, सावली रेषेवर आली त्या क्षणाचे घड्याळ आणि सावलीची लांबी अशा दोन नोंदी केल्या तर वर्षअखेरीस ही सारी चढउतार आपल्या वहीत उतरलेली असते.

लांबीची नोंद अधिक बोलकी आहे. विषुवदिनी, म्हणजे २० किंवा २१ मार्च आणि २२ किंवा २३ सप्टेंबरला, सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो. त्या दुपारी सोलापुरात १ मीटर काठीची सावली सुमारे ३२ सेंटीमीटर पडते. आलेख-कागदावर १० सेंटीमीटर उंचीचा आणि ३.२ सेंटीमीटर पायाचा काटकोन त्रिकोण काढून वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजला, तर तो साडेसतरा-अठरा अंशांच्या मध्ये येतो. हाच आपला अक्षांश. त्रिकोणमिती येत असेल तर कोन थेट काढता येईल, पण शाळकरी मुलांसोबत हे काम करत असाल तर त्रिकोण काढून घेण्याचाच आग्रह धरावा.

आता हा आकडा एकट्याने पाहण्याऐवजी उज्जैनशी जोडून पाहू. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांची मध्यरेषा उज्जैनमधून जात असे, आणि उज्जैनचे रेखांश सुमारे ७५.८ अंश आहेत. म्हणजे आपण जवळजवळ त्याच रेषेवर बसलो आहोत, आणि दोन्ही गावांच्या खऱ्या दुपारीत मिनिटाचाही फरक पडत नाही. तेथे नात्यातले किंवा ओळखीचे कोणी असेल तर त्यांना विषुवदिनी १ मीटर काठीची सावली मोजायला सांगावे. ती सुमारे ४३ सेंटीमीटर, म्हणजे २३.२ अंशांची भरते. दोन्ही कोनांतील फरक साडेपाच अंश, आणि दोन गावांमधील सरळ अंतर सुमारे ६१० किलोमीटर. (हे नकाशावर सरळ रेषेत मोजायचे, रस्त्याचे नव्हे.) साडेपाच अंशांना ६१० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक सोडवले की पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटरच्या आसपास येतो. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये केलेली मोजणी याच तत्त्वावर होती. उज्जैन दूर वाटत असेल तर जळगावही चालते. ते साधारण याच रेखांशावर आहे, पण कोनांतील फरक कमी असल्याने मोजणीतली लहान चूक उत्तरात मोठी होते.

सावली नाहीशी होते तो दिवस

मार्चनंतर दुपारची सावली रोज आखडत जाते आणि १० किंवा ११ मे रोजी, १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास, ती काठीच्या पायाशीच मिटते. सूर्य त्या क्षणी सोलापूरच्या बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर पुष्कळांना खरी न वाटणारी गोष्ट घडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपली दुपारची सावली दक्षिणेला पडते, कारण सूर्य आपल्या उत्तरेकडून जात असतो. २१ जूनला ती दक्षिणेकडे सुमारे १० सेंटीमीटर असते. त्याच दुपारी कर्कवृत्ताला लागून असलेल्या उज्जैनमध्ये सावली जवळजवळ नसते. परतीच्या वाटेवर २ किंवा ३ ऑगस्टला सोलापुरात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांची कृपा लागते. २०२७ मध्ये याच २ ऑगस्टला दुपारनंतर पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहणही दिसणार आहे, तेव्हा ग्रहणचष्मे आधीच आणून ठेवावेत.

मे महिन्यातील प्रयोग करताना ऊन चाळिशीच्या वर गेलेले असते, हे ध्यानात ठेवून डोक्याला टोपी किंवा उपरणे, पायांत चप्पल आणि जवळ पाणी ठेवावे. मुलांना सव्वाबारानंतरच गच्चीवर न्यावे आणि दहा-पंधरा मिनिटांत खाली आणावे. तेवढ्या वेळात सरळ उभ्या ठेवलेल्या पाइपची सावली बारीक कड्याएवढी उरलेली दाखवता येते.

याच काठीने जानेवारीतील एक मोठा गैरसमज दूर होतो. सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा संक्रांतीच्या सुमारास होतो, आणि १४ जानेवारीपासून उत्तरायण सुरू होते असे आपण ऐकत आलेलो असतो. पण काठी वेगळे सांगते. वर्षातील सर्वांत लांब दुपारची सावली, सुमारे ८७ सेंटीमीटर, २१-२२ डिसेंबरला पडते. संक्रांतीपर्यंत ती ८१ च्या आसपास आलेली असते. म्हणजे सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच उत्तरेकडे वळलेला असतो. याचे कारण असे, की पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश दिशा बदलतो आणि त्यामुळे ऋतूंशी जोडलेले अयनबिंदू, म्हणजे सूर्य उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळतो त्या जागा, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतात. संक्रांत ताऱ्यांवर आधारलेल्या मकर राशीतील प्रवेशावर ठरते, तर उत्तरायण अक्षाच्या कलावर. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. आज त्यांच्यात २४ अंशांचे अंतर पडले आहे, आणि पंचांगात यालाच अयनांश म्हणतात. सणाचा दिवस परंपरेने ठरतो, त्याच्याशी कोणाचे भांडण नाही. मात्र सूर्य कधी वळला हे विचारायचे असेल तर काठीला विचारावे.

कवडशातला सूर्य

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये किंवा पत्र्याच्या घरात दुपारी जमिनीवर कवडसे पडलेले असतात. खिळ्याचे भोक चौकोनी असो की फाटके, छत पुरेसे उंच असेल तर कवडसा गोलच दिसतो, कारण तो भोकाचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे कोरीसारखे कापलेले दिसतात. ग्रहण पाहण्याचा याहून सुरक्षित मार्ग नाही.

मोजणीसाठी घरातील एक खोली अंधारी करावी. साध्या आरशाच्या तुकड्यावर काळा कागद चिकटवून मध्ये ५ मिलिमीटरचे भोक ठेवावे, तो आरसा खिडकीत उन्हात ठेवावा आणि परावर्तित झोत समोरच्या भिंतीवरील पांढऱ्या कागदावर पाडावा. आरसा कोणाच्याही डोळ्यांकडे वळणार नाही याची काळजी घ्यावी. झोत भिंतीवर शक्य तितका सरळ पडू द्यावा, नाहीतर प्रतिमा लांबट होते. आरशापासून भिंत १० मीटर असेल, बोळातून किंवा दोन खोल्यांच्या दारांतून तेवढे अंतर मिळवता येते, तर सूर्याची प्रतिमा सुमारे ९.३ सेंटीमीटर व्यासाची पडते. भोकाच्या रुंदीमुळे कड थोडी पसरते, तेव्हा अंधूक कडेच्या मध्यावर माप घ्यावे. १० मीटरला ९.३ सेंटीमीटरने भागले तर १०७ ते १०८ येतात. याचा अर्थ सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट अंतरावर आहे. अंतर १५ कोटी किलोमीटर हे ठाऊक असेल, तर व्यास १४ लाख किलोमीटरच्या आसपास निघतो. प्रत्यक्षात तो १३.९ लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या १०९ पट आहे.

हीच मोजणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऊन मिळाल्यास करून पाहावी. जानेवारीत प्रतिमा सुमारे ३ मिलिमीटरने मोठी भरते. पृथ्वी तेव्हा सूर्यापासून १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैत १५.२ कोटींवर. सूर्य जवळ असताना आपल्याकडे थंडी असते. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, अक्षाच्या कलामुळे होतात, हे विधान पुस्तकात वाचण्यापेक्षा भिंतीवरच्या त्या तीन मिलिमीटरांत अधिक पटते. दिवसाची लांबीही याला साक्ष देते: जूनमध्ये सोलापुरातील दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा, तर डिसेंबरमध्ये ११ तास ५ मिनिटांचा असतो.

प्रतिमेवर कधीकधी बारीक काळे ठिपके दिसतात. आरसा किंचित हलवल्यावर ठिपका प्रतिमेबरोबर सरकला तर तो सौरडाग, जागीच राहिला तर कागदावरचा मळ. आरशाच्या कवडशात फक्त मोठे डाग दिसतात. ते दिसले की रोज एकाच वेळी कागदावर टिपून ठेवावेत. चार-पाच दिवसांत ते तबकडीवर सरकलेले आढळतात, कारण सूर्य स्वतःभोवती फिरतो आणि पृथ्वीवरून पाहता त्याच्या विषुववृत्ताजवळील डागांची फेरी सुमारे २७ दिवसांत पूर्ण होते. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. डागांच्या जागी तीव्र चुंबकीय क्षेत्र आतून येणारी उष्णता अडवते, तेथे तापमान दीड-दोन हजार अंशांनी कमी असते, म्हणून ते काळे भासतात. डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनात वाढते आणि घटते. सध्याचे पंचविसावे आवर्तन डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत पोहोचले, ते सूर्याच्या याच चुंबकीय वागणुकीचा वेध घेण्यासाठी.

सूर्य कशाचा बनला आहे हे शोधण्याच्या कथेत आपला परिसरही येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची छाया सोलापूरच्या दक्षिणेकडील विजापूर-जमखंडी भागातून पुढे आंध्रकडे गेली. जमखंडी येथे जॉन हर्शेल या सैनिकी अधिकाऱ्याने आणि गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी वर्णपटदर्शकाने, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणाने, सूर्याच्या कडेवरील ज्वाला तपासल्या. त्याच वर्षी सूर्याच्या वर्णपटातील एका पिवळ्या रेषेवरून एका नव्या मूलद्रव्याचा माग लागला, त्याला पुढे हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये सापडले. सूर्याच्या वस्तुमानाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग हायड्रोजन आणि बहुतेक उरलेला भाग हेलियम आहे. गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्या क्रियेत दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते.

ज्वारीच्या दाण्याएवढी पृथ्वी

सूर्यमालेची चित्रे अंतराच्या बाबतीत हमखास दिशाभूल करतात, कारण पानावर मावावीत म्हणून ग्रह जवळजवळ काढलेले असतात. ते मनातून काढण्यासाठी एकदा रस्त्यावर उतरून प्रतिकृती मांडावी. मंगळवेढ्याच्या शाळूचा ४ मिलिमीटरचा एक दाणा म्हणजे पृथ्वी मानली, तर सूर्य ४४ सेंटीमीटरचा, मोठ्या परातीएवढा होतो आणि दाणा त्याच्यापासून ४७ मीटरवर ठेवावा लागतो. चंद्र म्हणजे दाण्यापासून १२ सेंटीमीटरवरचा राजगिरा. बुध १८ मीटरवर, शुक्र ३४ वर, मंगळ ७१ मीटरवर, आणि त्याचा आकार दाण्याच्या जेमतेम निम्मा. गुरू साडेचार सेंटीमीटरच्या लिंबाएवढा, पण २४४ मीटरवर. शनी ४५० मीटरवर, युरेनस ९०० मीटरवर आणि नेपच्यून १.४ किलोमीटरवर. रविवारी पहाटे, रहदारी नसताना, विजापूर रोडसारख्या सरळ रस्त्याच्या कडेने हे चालत जावे आणि नेपच्यूनपाशी उभे राहून परात दिसते का ते पाहावे. याच प्रमाणात सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा ठळक तारा, मित्र, सुमारे १३ हजार किलोमीटरवर येतो. म्हणजे तो मांडायला थेट दुसऱ्या खंडात जावे लागते.

चंद्र आणि ग्रह

संध्याकाळच्या कामासाठी हाताचे माप शिकून घ्यावे. हात पूर्ण लांब करून डोळ्यासमोर धरला तर करंगळीची रुंदी आकाशात सुमारे १ अंश, बंद मूठ सुमारे १० अंश आणि ताणलेली वीत सुमारे २० अंश भरते.

अमावास्येनंतरच्या द्वितीयेपासून रोज सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, एकाच जागेवर उभे राहून चंद्राची जागा कागदावर काढावी. चंद्र रोज मूठभराहून थोडा अधिक, सुमारे १२ अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो. सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचे अंतर वाढले की एक तिथी पूर्ण होते. पंचांगातील तिथी ही अशी मोजण्याची गोष्ट आहे. सोलापुरातूनच निघणारे दाते पंचांग पुष्कळ घरांत असतेच. त्यातील तिथी, सूर्योदयाच्या वेळा आणि ग्रहांच्या राशी यांचा उपयोग आपली निरीक्षणे पडताळण्यासाठी करावा.

ग्रह ओळखण्याची पहिली खूण म्हणजे ते ताऱ्यांसारखे लुकलुकत नाहीत आणि सूर्याच्या वाटेच्या पट्ट्यातच असतात. फार तेजस्वी, पांढरा आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर काही तासच दिसणारा तो शुक्र. तो मध्यरात्री डोक्यावर कधी येत नाही, कारण त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत आहे. दुसरी खूण वेळखाऊ पण पक्की आहे: जवळच्या दोन-तीन ताऱ्यांसह जागा काढून ठेवावी आणि महिन्याने पुन्हा पाहावे. गुरू सूर्याभोवतीची फेरी सुमारे १२ वर्षांत पूर्ण करतो, म्हणून साधारण वर्षभर एका राशीत राहतो. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीला अडीच वर्षे, आणि तीन राशींना साडेसात. साडेसातीचा आकडा आला तो शनीच्या या संथ चालीतून. मंगळाचा तांबूसपणा आणि दोन वर्षांहून थोड्या अधिक काळाने येणारी त्याची ठळक भेट लक्षात ठेवली की पुरे. बुध संधिप्रकाशात क्षितिजाजवळ शोधावा लागतो, त्याची घाई करू नये.

वीतभर उंचीचे तारे

शहरातील दिव्यांच्या उजेडातही ठळक तारे दिसतात, पण ध्रुवासाठी आणि दक्षिणेच्या क्षितिजासाठी शहराबाहेर जावे. अक्कलकोट, मोहोळ किंवा नान्नजच्या दिशेचा मोकळा माळ चांगला. नान्नजला मात्र माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नये. शेतात जायचे तर मालकाला विचारून जावे, पायांत बूट घालावेत, आणि बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावावा. अंधाराला सरावलेला डोळा पांढऱ्या उजेडाने क्षणात बिघडतो आणि पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटे घेतो.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षीतील क्रतू आणि पुलह या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा त्यांच्यातील अंतराच्या पाचपट पुढे नेली की ध्रुव सापडतो. हिवाळ्यात सप्तर्षी खाली असतात, तेव्हा उत्तरेला शर्मिष्ठेचा एम अक्षरासारखा पुंज शोधून दिशा घ्यावी. ध्रुव फार तेजस्वी नाही आणि सोलापुरातून तो क्षितिजावर वीतभरही चढत नाही. कोनमापकाच्या सरळ कडेला नळी बांधून, मध्यबिंदूतून वजन लावलेला दोरा सोडून त्याची उंची मोजली, तर ती १७ ते १८ अंश भरते. मार्चमध्ये काठीने दिलेला आकडाच येथे परत मिळतो, कारण उत्तर गोलार्धात खगोलीय ध्रुवाची उंची निरीक्षकाच्या अक्षांशाएवढी असते. (हे साधन सूर्याकडे रोखायचे नाही, हे मुलांना आधीच बजावावे.)

अक्षांश कमी असण्याचा लाभ दक्षिणेकडे मिळतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र डोक्याजवळ, त्याच्या आग्नेयेला सर्वांत तेजस्वी तारा व्याध, आणि व्याधाच्या खाली दक्षिण क्षितिजावर वीतभर उंचीला अगस्ती दिसतो. मेच्या मध्यास रात्री साडेनऊला त्रिशंकूचे चार तारे दक्षिणेला उभे असतात, सर्वांत खालचा जेमतेम ९ अंशांवर, म्हणजे मुठीहूनही खाली. दिल्लीहून त्रिशंकूचा हा खालचा तारा कधी उगवतच नाही. त्रिशंकूच्या पूर्वेला मित्रक आणि त्यानंतर मित्र हे दोन ठळक तारे येतात. मित्र ४.४ प्रकाशवर्षांवर आहे. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात, मित्राच्या प्रकाशाला चार वर्षांहून अधिक.

ताऱ्यांचे रंग नीट पाहावेत. वृषभेतील रोहिणी आणि वृश्चिकेतील ज्येष्ठा तांबूस दिसतात, कारण त्यांचे पृष्ठभाग सूर्याहून थंड, सुमारे साडेतीन हजार अंशांचे आहेत. व्याध सुमारे दहा हजार अंशांचा, म्हणून निळसर पांढरा. सूर्य या मालिकेत मधला, आणि त्याचे सारे मोठेपण त्याच्या जवळ असण्यात आहे.

तेच तारे रोज सुमारे ४ मिनिटे लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. कारण पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकते आणि ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य रोज जवळजवळ एक अंश पूर्वेकडे गेल्यासारखा दिसतो. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागला असे शेतकरी म्हणतो, तेव्हा सूर्यच मृगाच्या भागात असतो. त्यामुळे ज्या मृगाच्या पावसाची वाट पाहिली जाते, ते मृग नक्षत्र त्या दिवसांत आकाशात दिसत नाही. ते पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीत, ज्वारीच्या राखणीच्या रात्री.

दुर्बीण घ्यायची तर

एवढे वर्षभर केल्यानंतर पहिली खरेदी दोन डोळ्यांच्या १०×५० दुर्बिणीची करावी, तिपाईवरील स्वस्त, डगमगत्या आणि खोक्यावर भलतेच मोठे वर्धन छापलेल्या दुर्बिणीची नव्हे. भिंतीला किंवा गच्चीच्या कठड्याला कोपरे टेकवून ही दुर्बीण धरली तर गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र एका रेषेत ठिपक्यांसारखे दिसतात. लागोपाठ काही रात्री त्यांच्या जागा काढल्या की ते गुरूभोवती फिरतात हे आपलेच रेखाटन सांगते. कृत्तिकांमध्ये सहा-सात ताऱ्यांऐवजी अनेक डझन तारे दिसतात, आणि शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमारेषेजवळील विवरे सर्वांत ठळक असतात, पौर्णिमेला नव्हे. शनीचे कडे मात्र हिच्यातून दिसत नाही. त्यासाठी किमान ३० पट वर्धनाची, पक्क्या तिपाईवरची दुर्बीण हवी, आणि ती विकत घेण्यापूर्वी सोलापूर विज्ञान केंद्रात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात आकाशदर्शनाचा कार्यक्रम असल्यास तेथे जाऊन कोणती दुर्बीण किती दाखवते ते आधी डोळ्याने पाहून यावे.